चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

कातोंगो,
शुक्रवार, १८ मार्च २०२२

चि. एलुबे हिला,

प्रभूच्या नावाने सलाम. तू बरी असशील, तुझ्या घरचेही बरे असतील, अशी आशा करतो. घरात कोण कोण आहे हे मला ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांना मिळून एकच आशीर्वाद पाठवतो. तो आपापसात वाटून घ्या.

इकडे ठीक आहे. मका यंदा डोक्याच्या वर गेला आहे आणि माकडांच्या टोळ्या आत्ताच येऊन पाहणी करून जातात. माझा डावा गुडघा माझं ऐकेनासा झाला आहे. तुझी फायनेसी मामी जाऊन चार वर्षं झाली. तेव्हा तुला निरोप धाडला होता, तो मिळाला की नाही कोण जाणे. मुलं आपापल्या ठिकाणी आहेत. धाकटा उलेमु म्झुझूला ट्रक चालवतो आणि फोनवर फक्त टायरबद्दल बोलतो.

तुझा लिफाफा मंगळवारी मिळाला. वर राजधानीचा, लिलाँग्वेचा शिक्का, आणि पत्ता म्हणून 'कणगीची किल्ली सांभाळणारे, कातोंगो मंडळी' एवढंच. आत सात पानी छापील फॉर्म, तेवीस प्रश्न, आणि शेवटी सही. ए. काफेरे, वरिष्ठ अर्थतज्ज्ञ. 'प्रिय' नाही, 'सलाम' नाही. फॉर्ममध्ये कोण सलाम लिहितो म्हणा. मी ती सही तीनदा वाचली, मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. वीस वर्षांत तुझ्याकडून आलेलं हे पहिलं काही.

दोन दिवस तो फॉर्म खिशात घेऊन फिरलो. आमचे नवे पाळक फार टापटिपीचे आहेत. मंडळीतला वडीलधारा म्हणून मला सगळे 'वडील' म्हणतात; ते म्हणाले, "वडील, सरकारी कागद आहे हो, असा चुरगळू नका." मी म्हटलं, "सरकारी कुठला, घरचा आहे." त्यांना काही कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आता उत्तरं. प्रत्येक उत्तराला तुम्ही दीड ओळ जागा ठेवली आहे. दीड ओळीत मी आजवर जेवणाआधीची प्रार्थनाही संपवलेली नाही, म्हणून वेगळ्या कागदावर लिहितो आहे.

पहिले दोन प्रश्न सोपे आहेत. कणगी १९८६ साली बांधली. तेव्हा बांबूची एकच होती, आता विटांच्या चौथऱ्यावर तीन आहेत. कापणी झाली की मंडळीतलं प्रत्येक घर आपल्या पिकातून जमेल तितका मका आणून टाकतं. डिसेंबरात घराघरातला साठा संपत येतो, तेव्हा कणगी उघडते आणि नवं पीक हाताशी येईपर्यंत दर शनिवारी सकाळी वाटप होतं.

तिसरा प्रश्न: कल्पना कोणाची? एलुबे, हा प्रश्न तू छापलास तेव्हा तुझा हात थांबला नाही का? तुझ्या आईची. पण तुझ्या कार्यालयात एनेलेसी कोण हे कोणाला ठाऊक असणार, म्हणून नीट सांगतो.

एका रविवारी तेव्हाच्या पाळकांनी द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला सांगितला. पहाटेपासून राबलेल्यालाही तेवढीच मजुरी आणि दिवस मावळताना आलेल्यालाही तेवढीच. उपासना सुटल्यावर पुरुषमंडळी झाडाखाली बसून त्या मालकावर तुटून पडली. मीही त्यांत होतो. मी म्हटलं, "असा मालक आपल्याकडे असता तर दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर कोण आलं असतं?" सगळे हसले. तुझी आई पायरीवर बसून शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "संध्याकाळी आलेल्याच्या घरी पोरांना भूक काय संध्याकाळपासूनच लागते? त्या मालकानं काम नाही मोजलं, चुली मोजल्या." मग सोललेल्या शेंगा पदरात घेऊन ती घरी गेली. पुढच्या कापणीला कणगी उभी राहिली. नियम तिचाच: कोणी किती आणलं ते विचारायचं नाही, कातोंगोतल्या दर चुलीमागे दर शनिवारी एक माप.

किल्ली माझ्याकडे आली, कारण मला लिहिता-वाचता येत होतं आणि कारण तुझ्या आईने माझं नाव सुचवलं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी बहीण, तिच्यापुढे कोण बोलणार?

सातवा प्रश्न वाचून मला हसू आलं. 'जास्त धान्य देणाऱ्या सभासदास कोणते प्रोत्साहन उरते?' तुला झाकेयो आठवत असेल. नदीकाठची सगळी काळी जमीन त्याची. तो दरवर्षी आठ पोती आणतो आणि त्याच्या शेजारची विधवा अर्धं पोतं आणते, आणि शनिवारी दोघांना माप सारखंच. गेली पस्तीस वर्षं तो कुरकुरतो. "वडील, ही काय वाटणी झाली? ही तर लूट झाली." मी म्हणतो, "मग पुढच्या वर्षी कमी आण." तो म्हणतो, "कमी आणलं तर लोक काय म्हणतील?" आणि पुन्हा आठ पोती आणतो. मागच्या साली त्याची बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा त्याचं शेत कोणी खुरपलं ते त्याने पाहिलं आहे. तरी कुरकुर चालूच आहे. याला अर्थशास्त्रात काय म्हणतात ते तू मला कळव.

चार ते सहा, आठ ते तेरा आणि सोळापासून शेवटपर्यंतचे मी फॉर्मवरच भरले आहेत. उंदीर, भुंगा, छप्पर वगैरे.

चौदावा: 'वाटपाच्या नियमाचा कधी भंग झाला आहे काय? असल्यास केव्हा, कोणाकडून, व कोणती कारवाई झाली?' याचं उत्तर मागाहून लिहितो. पेनाची शाई जरा अडते आहे.

पंधरावा: 'टंचाईच्या वर्षी व्यवस्था कशी टिकली? उदा. २००२.'

पाहिलंस, तुझे प्रश्न माणसाला पळू देत नाहीत. तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस. त्या वर्षाचं तुला मी काय सांगू? लोकांनी मक्याचा कोंडा खाल्ला, केळीचे कंद उकडून खाल्ले. आमच्याकडे बेचाळीस चुली होत्या आणि कणगी निम्मीच भरली होती. मी दर शनिवारी कापलेल्या तेलाच्या डब्याने मका मोजायचो, डब्यावरची शीग काठीने उतरवायचो आणि सपाट माप प्रत्येकीच्या टोपलीत ओतायचो. काठीने उतरवलेलं धान्य खालच्या चटईवर पडायचं. ते चटईवरचं कोणाच्याच चुलीचं नव्हतं. तुझ्या आईने शास्त्रातून शोधून काढलं होतं की शेताच्या कडेचं आणि हातून सांडलेलं परक्याचं आणि निराधाराचं असतं. म्हणून चटईवरचं किल्लीवाल्याने वाटेवरच्या निराधारांना पोचवायचं, असं ठरलं होतं.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी तू आईच्या मागे उभी होतीस. तिच्या घरी दोन पोरकी मुलं आली होती, ओढ्यापलीकडच्या मफुंडे गावची. तिने टोपली पुढे केली, मी एक माप ओतलं, ती हलली नाही.

"अजून एक," ती म्हणाली. "माझ्याकडे खाणारी आता चार झालीत."

"चूल एक, माप एक," मी म्हटलं. "नियम तुझाच आहे, ताई."

"नियम माझाच आहे, म्हणून तर मी बदलायला सांगतेय. चुली नको मोजूस, तोंडं मोज."

"ही पोरं आपल्या गावची नाहीत."

"गावाबाहेरच्या पोरांना भूक लागत नाही का, योतामु?"

ती असं मोठ्याने बोलली की रांगेतल्या सगळ्या बायका इकडे वळल्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "किल्ली माझ्या हातात आहे तोवर इथे बहीणभाऊ नाही." मला तेव्हा स्वतःचा आवाज फार आवडला होता. मग टोपली उचलून ती निघाली, आणि तू मागे वळून वळून माझ्याकडे पाहत गेलीस.

त्यानंतर पाच आठवड्यांत ती गेली. ताप होता हे खरं, पण तापाशी झगडायला अंगात काही उरलंच नव्हतं. ती आपलं ताट त्या दोघांना देत होती. हिरवी कणसं हाताशी यायला तीन आठवडे उरले होते. कबरीपाशी तू रडली नाहीस. सगळ्यांसमोर एकच वाक्य बोललीस: "मामाने आईला मापात बसवलं." मग बोर्डिंगच्या शाळेत गेलीस, तिथून झोंब्याला कॉलेजात, तिथून राजधानीत. आपल्याकडे मुलं आईच्या कुळाची, आणि आईमागे मामानेच बघायचं असतं. मला काहीच बघायला मिळालं नाही. तुझी फी मंडळीने भरली, आणि तू आभाराचं पत्रही मंडळीलाच लिहिलंस.

कणगी टिकली. बेचाळीसपैकी तुझ्या आईची सोडून एकही चूल विझली नाही. त्या वर्षानंतर आम्ही चुलींऐवजी तोंडं मोजायला लागलो. पंधराव्या प्रश्नाचं उत्तर संपलं.

एलुबे, एक गोष्ट तुला ठाऊक नाही. सात वर्षांपूर्वी मी लिलाँग्वेला आलो होतो. पाळकांच्या सभेचं निमित्त होतं, पण सभा दुपारीच सुटली आणि मी विचारत विचारत तुझ्या कार्यालयाच्या फाटकापाशी आलो. हातात वाळवलेल्या उसिपा मासळीची पुडी होती, तुला लहानपणी आवडायची म्हणून. तू गाडीतून उतरलीस. निळा कोट, हातात फाइल, कानाला फोन. केवढी मोठी झाली होतीस! आणि चाल अगदी आईची, पुढे कोणी उभं असेल तर त्यानेच बाजूला व्हावं अशी. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पहारेकरी म्हणाला, "आजोबा, कोणाला भेटायचंय?" मी म्हटलं, "कोणाला नाही रे बाबा, ही मासळी खा." परतीच्या मिनीबसमध्ये एक बाई सगळा वेळ मला टोकत होती, की मासळीचा वास तुमच्या कपड्यांना येतोय, तर मासळी कुठाय.

तेव्हापासून रोज, काहीही करत असलो तरी, तुझी आठवण मधेच येते. कणसं सोलताना येते, प्रार्थनेत 'आमच्या घरच्यांना सांभाळ' म्हणताना येते. तिथे तर मी अडखळतोच. मंडळीला वाटतं, वडील म्हातारे झाले.

आणि मंडळीत मी कोण आहे ते ऐक. मी तो माणूस आहे, ज्याने भुकेच्या वर्षी सख्ख्या बहिणीलाही माप वाढवून दिलं नाही. दुसऱ्या मंडळ्यांचे पाळक आपली माणसं घेऊन येतात, मला बघायला. माझ्यावर प्रवचनं झाली आहेत. मी पुढच्या बाकावर बसून ती ऐकतो. तुझं वाक्य आणि त्यांची स्तुती, दोन्ही एकाच गोष्टीवर उभी आहेत, की योतामु नियमाला पक्का होता. तू मला कठोर म्हणालीस, त्यांनी मला नीतिमान म्हटलं. दोन्ही मी अंगावर घेतलं, कारण खरं त्याहून वाईट होतं.

आता चौदावा प्रश्न.

होय. भंग झाला आहे. डिसेंबर २००१ ते मार्च २००२, दर शनिवारी. माझ्याकडून.

तुझ्या कार्यालयाला समजावं म्हणून लिहितो: आमच्यात लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला जातो. तेव्हा माझी चूल मफुंडेला होती, फायनेसीच्या घरी; इकडे कातोंगोला मी ती गेल्यावर परतलो. कणगी कातोंगोच्या चुलींची. म्हणजे जो माणूस दर शनिवारी बेचाळीस मापं मोजायचा, त्याच्या घरी एकही माप जात नव्हतं. ही गोष्ट नियम करताना कोणाच्या ध्यानात आली नाही, माझ्याही नाही, कारण चांगल्या वर्षांत घरचं पुरत होतं. त्या वर्षी पुरलं नाही. मफुंडेच्या मंडळीची कणगीच नव्हती. उलेमु सहा वर्षांचा होता, त्याचे पाय सुजले. फायनेसी एके सकाळी म्हणाली, "तुमच्या हाताला मक्याचा वास येतो." एवढंच म्हणाली.

मी मंडळीपुढे उभं राहून माझी पोरं उपाशी आहेत, मलाही माप द्या, असं म्हणू शकलो असतो. नाही म्हणू शकलो. सगळ्यांसमोर तोंड उघडण्यापेक्षा चोरी मला सोपी वाटली. मी शीग उतरवायची नवी काठी तासली. तिला खालच्या अंगाने मधोमध किंचित पोट ठेवलं. दोन्ही टोकं डब्याच्या काठावर टेकायची आणि पोट आत शिरायचं. प्रत्येक मापातून एक मूठ जास्त निघायची आणि चटईवर पडायची. बेचाळीस मुठी. चटई झाडून ते धान्य मी फडक्यात बांधायचो, फडकं पवित्र शास्त्राच्या पिशवीत घालायचो आणि ओढा ओलांडून घरी जायचो. लोकांना सांगायचो, निराधारांना पोचवतो. माझी पोरं निराधार नव्हती, त्यांना बाप होता. फायनेसीने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या शनिवारी तुझ्या आईला मी नाही म्हटलं तेव्हा माझ्या हातात तीच काठी होती. तिच्या मापातलीही मूठ मी काढली होती. तू मागे वळून पाहत होतीस तेव्हा ती चटईवर पडलेली होती.

हे लिहून झालं. दोन पानं मागे मी पेनाचं निमित्त सांगितलं होतं. शाई नीट चालते आहे.

'कोणती कारवाई झाली?' हाही प्रश्न आहेच. काल गुरुवार, बायकांची प्रार्थनासभा. तुला लिहायच्या आधी त्यांना सांगायला हवं असं वाटलं, कारण मुठी त्यांच्या होत्या. त्या वर्षी रांगेत उभ्या राहिलेल्यांपैकी अकरा जणी अजून आहेत. मी उभा राहिलो, गुडघ्याचं निमित्त करून खुर्चीची पाठ धरली आणि सगळं सांगितलं. काठीचंही सांगितलं.

मग लिनेसी आजी, आता नव्वदीला टेकली आहे, दात एकही नाही, ती म्हणाली, "झालं? संपलं? मला वाटलं, अजून काही आहे."

मी म्हटलं, "आजी, मी चोरी केली."

"अरे मेल्या, मी जन्मभर मका मोजला. डब्यात मूठ कमी आहे ते मला कळणार नाही? पहिल्याच शनिवारी कळलं. आम्हा सगळ्यांनाच कळलं."

मी त्याच खुर्चीवर बसलो.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. एनेलेसीने बोलू दिलं नाही. विहिरीवर आम्हाला गोळा केलं आणि म्हणाली, 'माझा भाऊ चोरतोय ते मला दिसतंय. त्याची पोरं सुजलीत. त्याला चारचौघांत लाजवलंत तर तो किल्ली टाकून पळेल, आणि दुसरा जो येईल तो मुठीवर थांबणार नाही. एक एक मूठ गेली तर आपण मरत नाही.' आम्ही म्हटलं, ठीक आहे बाई, तुझा भाऊ आहे."

एलुबे, पुढचं मी विचारायला नको होतं. मी विचारलं. "तिला ठाऊक होतं, तर मग ती अजून एक माप मागायला का आली?"

लिनेसी आजीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान पोराकडे बघतात. "तुझ्यासाठी आली होती रे मूर्खा. ती पोरकी मुलं होतीच, पण ती तिने कशीही जगवली असती. ती म्हणाली होती, 'शनिवारी मी सगळ्यांसमोर मागते. मफुंडेच्या या दोघांना माप मिळालं की मफुंडेची त्याचीही पोरं हक्काने धरता येतील. मग त्याला झाडून न्यायला नको.' आम्हाला सांगून ठेवलं होतं, तो हो म्हणाला की तुम्हीही सगळ्या हो म्हणा. आम्ही तयार उभ्या होतो. आणि तू काय म्हणालास? इथे बहीणभाऊ नाही."

मी तिथे लहान पोरासारखा रडलो. त्यांनी मला रडू दिलं. नंतर त्यातलीच एक म्हणाली, "आता उठा, थोब्वाचं आंबील प्या, आज प्रार्थनेचा विषय राहूनच गेला." तर कारवाई ही झाली. तुझ्या फॉर्ममध्ये हे कसं भरायचं ते तू पाहा. माझं नाव मात्र पूर्ण लिही, आणि मी अजून किल्लीवाला आहे असं लिहू नकोस. किल्ली मी काल लिनेसी आजीच्या नातीकडे दिली. तिने विचारलं, "काठी कोणती वापरू?" मी म्हटलं, "तुझी तू तास."

तुझ्या आईने मला माफ केलं होतं, तेही मी मागायच्या आधी, आणि मला ते कळायला वीस वर्षं लागली. पण ती माफी तिची होती. तिच्या ताटातून गेलं ते तुझ्याही ताटातून गेलं, आणि तुझ्यातर्फे तिला किंवा विहिरीवरच्या बायकांना काही माफ करता येत नाही. ते मी मागतही नाही. तू माझ्यावर रागावून दार लावलंस, ते एका कठोर पण सरळ माणसावर लावलंस. तो माणूस कधी नव्हताच. आता ठाऊक झाल्यावर पुन्हा लावायचं असेल तर लाव. निदान ते माझ्यावर लागेल.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलं आहे, 'गरज वाटल्यास अधिकारी प्रत्यक्ष पाहणीसाठी येतील.' एलुबे, गरज आहे. दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस. मोठ्या रस्त्यावर उतरलीस की सायकलवाले उभे असतात, त्यांना कातोंगोची कणगी म्हणालीस की पोचवतील. माझ्याशी बोलायला हवं असं नाही. आईची कबर पाहा, कणगी पाहा, लिनेसी आजीला भेट, ती फार दिवस थांबणार नाही असं सगळ्यांना सांगत असते. मी लांब उभा राहीन. तू म्हणालीस तर घरीच थांबेन. पण तू येऊन गेलीस हे मला कोणीतरी सांगू दे.

मला तुला बघायचं आहे, पोरी. तेवीस प्रश्नांची उत्तरं दिली, आता माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच उरलं आहे.

एनेलेसीचा भाऊ,
योतामु